बराकीकडची परतवाट : पोर्तुगालचे जनरल एआनेस, १९७६ ते १९८६

३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत दोन परराष्ट्रमंत्र्यांनी एका करारावर सह्या केल्या. भारताच्या वतीने यशवंतराव चव्हाण यांची सही होती, पोर्तुगालच्या वतीने मारियो सोआरेस यांची. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व लिस्बनने तेव्हा कुठे कागदोपत्री मान्य केले. गोवामुक्तीला त्या वेळी तेरा वर्षे होऊन गेली होती. हे घडू शकले, कारण त्याच वर्षी २५ एप्रिलला पोर्तुगीज सैन्यातल्या कॅप्टन-मेजर दर्जाच्या अधिकाऱ्यांनी १९२६ पासून चालत आलेली हुकूमशाही एका दिवसात उलथवली होती. मराठी वाचकाच्या दृष्टीने पोर्तुगालची गोष्ट बहुधा या सहीपाशीच संपते. तिथला खरा पेच मात्र त्यानंतरचा आहे. हुकूमशाही सैन्याने घालवली, पण सत्तेवर येऊन बसलेल्या सैन्याला घालवायचे कोणी आणि कसे, हा तो पेच होता. त्याचे उत्तर एका जनरलच्या राष्ट्राध्यक्षपदातून निघाले. आंतोनियो रामाल्यो एआनेस १४ जुलै १९७६ ते ९ मार्च १९८६ या काळात त्या पदावर होते, आणि ही नोंद त्या दहा वर्षांविषयीची आहे.

पार्श्वभूमी

सालाझार आणि त्यांच्यानंतर कायतानो यांच्या राजवटीने आफ्रिकेत तीन आघाड्यांवर युद्ध चालवले होते : अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून. एक कोटीच्या आतबाहेर लोकसंख्येच्या देशाने दोन लाखांवर माणसे गणवेशात ठेवली होती, आणि तरीही युद्ध जिंकता येत नाही हे सर्वांत आधी उमगले ते आघाडीवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना. त्यांच्या सशस्त्र दल चळवळीने सत्ता घेतली तेव्हा लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली, हे दृश्य जगभर गाजले. पुढच्या दोन वर्षांत सहा हंगामी सरकारे झाली, त्याची आठवण त्या मानाने कमी लोक ठेवतात.

चळवळीच्या पोटात अनेक चळवळी होत्या. जनरल स्पिनोला यांना सावकाश जायचे होते. त्यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडले आणि ते जनरल कोस्ता गोमेस यांच्याकडे आले. ११ मार्च १९७५ रोजी स्पिनोलांच्या समर्थकांचा उठाव फसला. त्यानंतर सैन्यातल्या डाव्या गटाचे पारडे जड झाले, बँका आणि विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशाची सूत्रे 'क्रांती परिषद' नावाच्या अधिकारी मंडळाने हाती घेतली. दीड महिन्यातच, २५ एप्रिल १९७५ रोजी, घटना समितीची निवडणूक झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झाले. सोआरेस यांच्या समाजवादी पक्षाला सुमारे ३८ टक्के मते मिळाली आणि कम्युनिस्टांना साडेबारा. आता देशात अधिकाराचे दोन स्रोत झाले, एक मतपेटीचा आणि एक क्रांतीचा. आपण शासनाला पदच्युत केले म्हणून देशाला दिशा देण्याचा हक्क आपल्यालाच, असे मानणाऱ्या अधिकाऱ्याला मतपेटीचा हवाला देऊन गप्प बसवणे त्या उन्हाळ्यात कोणालाच जमत नव्हते. नोव्हेंबरमध्ये बांधकाम कामगारांनी संसद भवनाला वेढा घालून सदस्यांना आत कोंडले, आणि काही दिवसांनी अ‍ॅडमिरल पिन्येरो द आझेवेदो यांच्या मंत्रिमंडळाने चक्क आपणच 'संपावर' जात असल्याचे जाहीर केले. सरकारने संप करणे हा प्रकार राज्यशास्त्राच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

२५ नोव्हेंबर

एआनेस यांचा जन्म १९३५ चा, कास्तेलो ब्रांको परिसरातल्या आल्काइन्स गावचा. १९५२ मध्ये ते सैनिकी शिक्षणाला गेले. त्यांच्या सुरुवातीच्या नेमणुकांपैकी एक 'पोर्तुगीज भारतात', म्हणजे गोव्यात, १९५८ ते १९६० या काळात होती. पुढे मकाव, मोझांबिक, गिनी आणि अंगोला. २५ एप्रिलला ते अंगोलात होते, त्यामुळे क्रांतीच्या दिवसाच्या छायाचित्रांत ते नाहीत. परतल्यावर त्यांच्याकडे सरकारी दूरचित्रवाणीची जबाबदारी आली. ११ मार्चच्या फसलेल्या उठावात त्यांचे नाव गोवले गेले तेव्हा त्यांनी ती सोडली, आणि चौकशीत ते निर्दोष ठरले. क्रांतीच्या नायकांत आपण नाही, ही वरकरणी उणीव वाटणारी गोष्ट पुढे त्यांच्या कामी आली, असे मला वाटते. त्यांच्याकडे क्रांतीचे श्रेय नव्हते, म्हणून ते वसूल करण्याचा मोहही नव्हता.

१९७५ च्या नोव्हेंबरअखेर लिस्बन लष्करी विभागाचे प्रमुख ओतेलो सारायवा द कार्वाल्यो यांना त्या पदावरून हलवण्याचा निर्णय झाला. २५ एप्रिलची आखणी करणारे हेच अधिकारी. डाव्या सैनिकांचे ते दैवत होते. २५ नोव्हेंबरला पहाटे तांकोसच्या छत्रीधारी सैनिकांनी काही हवाई तळ ताब्यात घेतले. राष्ट्राध्यक्ष कोस्ता गोमेस यांनी लिस्बन परिसरात आणीबाणीची स्थिती जाहीर केली आणि लेफ्टनंट कर्नल एआनेस यांनी आमादोराच्या कमांडो तळावरून प्रतिकारवाईची सूत्रे हलवली. दुसऱ्या दिवसापर्यंत बंड मोडले. आजुदा भागातल्या चकमकीत तीन सैनिक मृत्युमुखी पडले. राजधानीच्या रस्त्यांवर रणगाडे होते आणि गावोगावी शस्त्रे वाटली गेल्याच्या वावड्या उठत होत्या, हे ध्यानात घेतले तर हा आकडा लहान आहे.

त्या दोन दिवसांत जे केले गेले नाही, ते माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. जिंकलेल्या बाजूच्या अनेकांना कम्युनिस्ट पक्षावर बंदी हवी होती. सैन्यातल्या मध्यममार्गी 'नऊ जणांच्या गटा'तले मेजर मेलो आंतुनेस यांनी दूरचित्रवाणीवरून स्पष्ट सांगितले की, लोकशाहीच्या उभारणीत कम्युनिस्ट पक्षाचा सहभाग आवश्यक आहे. एआनेस यांनीही सूडाच्या मोहिमेला वाट दिली नाही. चिलीची राजधानी सँतियागो इथे १९७३ मध्ये सैन्याने सत्ता बळकावून डाव्यांवर उगवलेल्या सूडाची आठवण तेव्हा ताजी होती. लिस्बनचे सँतियागो झाले नाही, याचे श्रेय या संयमाकडे जाते. डिसेंबरमध्ये एआनेस भूसेनाप्रमुख झाले.

सौदा आणि निवडणूक

फेब्रुवारी १९७६ मध्ये सशस्त्र दल चळवळ आणि राजकीय पक्ष यांच्यात एक करार झाला. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडला जाईल, हे पक्षांनी पदरात पाडून घेतले. त्या बदल्यात क्रांती परिषद संक्रमणकाळापुरती टिकणार होती. लष्करी बाबींवर कायदे करणे, सामान्य कायद्यांच्या घटनात्मकतेवर निवाडा देणे आणि संसद बरखास्तीला संमती देणे किंवा नाकारणे, हे सगळे तिच्याकडे राहिले. पहिला राष्ट्राध्यक्ष लष्करी असेल, असे कुठे लिहिलेले नव्हते. पण ते सर्वांनी गृहीत धरले होते. २ एप्रिलला राज्यघटना मंजूर झाली, २५ एप्रिलला संसदेची निवडणूक झाली आणि २७ जूनला राष्ट्राध्यक्षपदाची.

समाजवादी, मध्यममार्गी आणि उजवे असे तीन पक्ष एआनेस यांच्यामागे उभे राहिले. त्यांना ६१.६ टक्के मते मिळाली. ओतेलो यांना १६.५, प्रचारातच हृदयविकाराचा झटका आलेले पंतप्रधान आझेवेदो यांना १४.४ आणि कम्युनिस्ट ओक्ताव्हियो पातो यांना ७.६. चार उमेदवारांपैकी तिघे लष्करी अधिकारी होते. ही संख्या लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडेल.

एकाच माणसाकडे दोन पदे

राष्ट्राध्यक्ष हा घटनेनुसार सशस्त्र दलांचा सर्वोच्च सेनापती आणि क्रांती परिषदेचा अध्यक्ष होता. एआनेस यांनी याशिवाय सशस्त्र दलांच्या संयुक्त प्रमुखाचे पदही स्वतःकडे ठेवले. लोकशाहीच्या कसोटीवर हे वाईट दिसते. लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षाने कार्यरत सेनाप्रमुख असावे, असे कोणता घटनातज्ज्ञ सुचवेल? तरीही माझे मत असे की, या प्रकरणातली किल्ली याच विसंगतीत आहे. १९७६ च्या पोर्तुगालमध्ये एखाद्या मुलकी संरक्षणमंत्र्याने दिलेला आदेश तुकडीच्या मैदानापर्यंत पोचला असता की नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. गेल्या दोन वर्षांत तुकड्या सभा घेऊन, हात वर करून आदेश पाळायचा की नाही ते ठरवत होत्या. आता आदेश देणारा माणूस त्यांच्यातलाच, त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचा होता, आणि शिवाय साठ टक्के मतदारांनी निवडलेला होता. अधिकाऱ्यांनी आज्ञा पाळली ती वरिष्ठाची म्हणून. पण ती पाळताना ते नकळत मतपेटीची आज्ञा पाळू लागले.

ही सवय लावण्याचे काम भाषणांनी होत नाही, ते नेमणुका, बदल्या आणि निवृत्तीच्या आदेशांनी होते. क्रांतीत हुद्द्याची उतरंड मोडली होती, ती पुन्हा बसवली गेली. दोन्ही टोकांचे राजकारणात रमलेले अधिकारी आघाडीच्या पदांवरून बाजूला झाले. वसाहती गेल्याने दलांची संख्या पूर्वीच्या सुमारे तृतीयांशावर आली. आणि उरलेल्यांना काम दिले गेले : सांता मार्गारीदा येथे नाटोशी बांधलेली नवी ब्रिगेड उभी राहिली. आफ्रिकेतले युद्ध संपलेल्या, पण घरी करण्यासारखे काही नसलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात पुन्हा क्रांती घुमू नये, यासाठी हा उपाय कोणत्याही शपथविधीपेक्षा उपयोगी होता.

पक्षांशी संघर्ष

लष्कर शांत होत होते, पण मुलकी राजकारण नाही. एआनेस यांच्या कारकिर्दीत दहा सरकारे झाली. पहिले सोआरेस यांचे अल्पमतातले सरकार डिसेंबर १९७७ मध्ये विश्वासदर्शक ठरावावर पडले. दुसरे त्यांचेच, उजव्या सीडीएस पक्षाला सोबत घेऊन बनलेले. त्या पक्षाने जुलै १९७८ मध्ये मंत्री काढून घेतले. सोआरेस राजीनामा देईनात, तेव्हा एआनेस यांनी त्यांना पदमुक्त केले. घटनेनुसार सरकार संसदेला तसेच राष्ट्राध्यक्षालाही जबाबदार असल्याने त्यांना तो अधिकार होता. ही गोष्ट सोआरेस कधीही विसरले नाहीत.

यानंतर एआनेस यांनी पक्षांना वगळून आपल्या पसंतीची तीन सरकारे नेमली. उद्योगक्षेत्रातले अभियंते नोब्रे द कोस्ता यांचा कार्यक्रम संसदेने काही आठवड्यांतच फेटाळला. कायद्याचे प्राध्यापक मोता पिंतो यांचे सरकार काही महिने चालले. तिसरे मारिया द लुर्दिस पिंतासिल्गो यांचे, नव्या निवडणुकीपर्यंत कारभार पाहण्यापुरते. पोर्तुगालच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. या पर्वाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पक्ष भांडत होते हे खरे, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायची वेळ आलेल्या देशाला स्थिर कारभार हवा होता हेही खरे. पण संसदेत ज्यांचे कोणी नाही अशा सज्जन, सक्षम माणसांना सरकार चालवायला देणे ही लष्करी मनाची सवय आहे : काम नेमून द्यायचे आणि योग्य अधिकारी शोधायचा. बहुमत जमवणे, मोडणे आणि पुन्हा जमवणे या व्यवहारालाच राजकारण म्हणतात, आणि जनरल त्याकडे बेशिस्त म्हणून पाहत होते. छायाचित्रांतला त्यांचा न हसणारा चेहरा आणि काळा चष्मा लोकांना प्रामाणिकपणाची खूण वाटे; पक्षनेत्यांना त्यात उपदेशकाचा भाव दिसे. दोघांचेही पूर्ण चूक नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. संसदेने त्यांची माणसे नाकारली तेव्हा त्यांनी प्रत्येक वेळी तो नकार स्वीकारला. सैन्य हाताशी असताना त्यांनी त्याचा इशारासुद्धा दिला नाही. कोंडी फुटेना तेव्हा त्यांनी संसद बरखास्त करून निर्णय मतदारांवर सोपवला. २ डिसेंबर १९७९ च्या निवडणुकीत उजव्या पक्षांच्या 'लोकशाही आघाडी'ने २५० पैकी १२८ जागा जिंकल्या आणि फ्रान्सिस्को सा कार्नेरो पंतप्रधान झाले. ते एआनेस यांचे कडवे विरोधक होते. तरी त्यांना पाचारण करताना राष्ट्राध्यक्षांनी एक दिवसाचीही अडवणूक केली नाही.

१९८० : दुसरी निवडणूक

सा कार्नेरो यांना एआनेस नको होते. क्रांती परिषद ही लष्करी पालकत्वाची निशाणी असून ती एआनेस यांच्यामुळे टिकून आहे, असा त्यांचा आरोप होता. गंमत अशी की, या लष्करी राष्ट्राध्यक्षाला हरवण्यासाठी त्यांनी उभा केलेला उमेदवारही एक जनरलच होता, आंतोनियो सोआरेस कार्नेरो. (नावांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो : हे ना मारियो सोआरेस, ना सा कार्नेरो.) दुसरीकडे समाजवादी पक्षाने एआनेस यांना पाठिंबा दिला, पण १९७८ ची सल मनात असलेल्या मारियो सोआरेस यांनी तो नाकारून आपले पक्षनेतेपदच तात्पुरते दूर ठेवले. मतपत्रिकेवरच्या सहा नावांपैकी पाच लष्करी माणसांची होती.

मतदान ७ डिसेंबरला होते. ४ डिसेंबरच्या रात्री लिस्बन विमानतळावरून निघालेले छोटे विमान कामाराते भागात कोसळले आणि पंतप्रधान सा कार्नेरो व संरक्षणमंत्री आदेलिनो आमारो द कोस्ता यांचा अंत झाला. तो अपघात होता की घातपात, यावर पोर्तुगालमध्ये पुढे कित्येक संसदीय चौकशी समित्या बसल्या. पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री एकाच क्षणी नाहीसे झालेले, मतदान तीन दिवसांवर आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः उमेदवार व सेनाप्रमुख. 'परिस्थिती असाधारण आहे' असे म्हणून मतदान पुढे ढकलायला याहून सोयीचे निमित्त मिळणे कठीण होते. मतदान ठरल्या दिवशीच झाले. एआनेस ५६.४ टक्के मतांनी जिंकले, प्रतिस्पर्ध्याला ४०.२ टक्के मिळाली.

प्रचारात दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये संयुक्त प्रमुखाचे पद जनरल मेलो एजिदियो यांच्याकडे सोपवले. शेजारच्या स्पेनमध्ये त्याच महिन्याच्या २३ तारखेला लेफ्टनंट कर्नल तेहेरो सत्ता उलथवण्यासाठी पिस्तूल घेऊन संसदेत शिरले होते. संक्रमण तिथेही चालू होते, तेव्हा ही तुलना टाळता येत नाही.

१९८२ : पालकत्वाचा शेवट

घटनेत पहिली दुरुस्ती संसदेच्या दुसऱ्या कार्यकाळातच करता येणार होती. १९८२ मध्ये लोकशाही आघाडी आणि समाजवादी पक्ष यांनी मिळून आवश्यक दोन तृतीयांश मते जमवली. क्रांती परिषद रद्द झाली. तिचे काम तिघांत वाटले गेले : कायद्यांची घटनात्मकता नव्या घटना न्यायालयाकडे, राष्ट्राध्यक्षाला सल्ला देणे नव्या राज्य परिषदेकडे आणि लष्करी कायदे संसद व सरकारकडे. राष्ट्राध्यक्षाचा सरकार पदमुक्त करण्याचा अधिकारही आवळला गेला. लोकशाही संस्थांचे नियमित कामकाज राखण्यासाठी आवश्यक असेल तेव्हाच तो वापरता येणार होता. १९७८ ची पुनरावृत्ती नको, असा याचा अर्थ होता, आणि तो सगळ्यांना कळला.

परिषद जाण्याला एआनेस यांचा विरोध नव्हता, पण राष्ट्राध्यक्षाचे पंख कापण्याला होता. त्या वर्षअखेर राष्ट्रीय संरक्षण कायदा आला, ज्याने सशस्त्र दले संरक्षण मंत्रालयाखाली आणली आणि सेनाप्रमुखांच्या नावांचा प्रस्ताव सरकारने करायचा असे ठरवले. एआनेस यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. संसदेने दोन तृतीयांश मतांनी तो मोडीत काढला आणि कायदा झाला. सैन्यावरचा आपला हक्क कमी करणारा कायदा एक जनरल नाकारतो, निवडून आलेले सदस्य मतांनी त्याचा नकार उलटवतात, आणि जनरल तो कायदा पाळतो. सात वर्षांपूर्वी याच संसद भवनात कामगारांनी सदस्यांना कोंडले होते. एआनेस यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण त्यांच्या पराभवाचा होता, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

१९८३ पासून सोआरेस पुन्हा पंतप्रधान झाले. नाणेनिधीचे दुसरे कर्ज, पोटाला चिमटा काढणारी दोन वर्षे आणि १२ जून १९८५ रोजी लिस्बनच्या जेरोनिमोस मठात युरोपीय समुदायाच्या प्रवेशकरारावर सह्या, हा सगळा भाग मुख्यतः मुलकी सरकारचा आहे.

स्वतःचा पक्ष

सलग दोनच मुदतींची मर्यादा असल्याने १९८६ मध्ये त्यांना पायउतार व्हायचेच होते. त्याआधी त्यांच्या अनुयायांनी लोकशाही नूतनीकरण पक्ष काढला. ऑक्टोबर १९८५ च्या निवडणुकीत या अगदी नव्या पक्षाला १७.९ टक्के मते आणि ४५ जागा मिळाल्या, त्याही मुख्यतः समाजवाद्यांच्या खात्यातून. राष्ट्राध्यक्ष अजून पदावर असताना त्यांच्या नावाने पक्ष मते मागतो, हे औचित्याला धरून नव्हते, आणि पक्षातीत असण्यावर ज्याची सगळी पुण्याई उभी त्याने तीच पुण्याई पक्षाच्या खात्यात जमा करावी, हे शहाणपणाचेही नव्हते.

१९८६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एआनेस यांचा कौल सालगादो झेन्या यांच्या बाजूने होता; ते पहिल्याच फेरीत बाद झाले. रिंगणात चार उमेदवार होते. १९७६ मध्ये चारांत तीन आणि १९८० मध्ये सहांत पाच लष्करी होते; या वेळी एकही नव्हता. दुसऱ्या फेरीत ५१.२ टक्के मते घेऊन मारियो सोआरेस जिंकले आणि ९ मार्चला एआनेस यांनी सूत्रे आपल्या सर्वांत जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे दिली. १९२६ नंतर निवडून आलेला हा पहिला बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष.

एआनेस मग स्वतः पक्षाचे नेते झाले. एप्रिल १९८७ मध्ये त्यांच्या पक्षाने पंतप्रधान कावाको सिल्वा यांच्या अल्पमतातल्या सरकारवर अविश्वास ठराव आणला आणि तो मंजूरही झाला. राष्ट्राध्यक्ष सोआरेस यांनी पर्यायी सरकार न बनवता संसद बरखास्त केली. तो अधिकार एआनेस यांनीही वापरला होता. १९ जुलैच्या निवडणुकीत कावाको सिल्वा यांना ५०.२ टक्के मते आणि १९७६ नंतर कोणत्याही एका पक्षाला न मिळालेले निर्विवाद बहुमत मिळाले. एआनेस यांच्या पक्षाकडे ४.९ टक्के मते आणि ४५ पैकी ७ जागा उरल्या. त्यांनी नेतेपदाचा राजीनामा दिला. पुढे २००० मध्ये मार्शलचा हुद्दा देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी तो घेतला नाही.